सरांची हरकत

एका माणसाच्या हाताखाली अकरा वर्षं काढली की किस्से आपोआप जमतात. आमचे एरिक सर तरुणपणी स्वीडनहून दिल्लीत आले आणि आर्किटेक्ट म्हणून इथलेच झाले. हिंदी फर्डी, मराठी शून्य!

*

गुरुग्रामचा एक क्लायंट हटूनच बसला. "सर, दो-चार रोमन पिलर तो बनते हैं!"

"ये पिलर उठाएँगे क्या?" सरांनी विचारलं.

"लुक देंगे, सर!"

सरांनी नकाशा गुंडाळला, चहा संपवला, नमस्ते केलं आणि निघाले. हातातलं काम गेलं! मी तर जाम वैतागले होते, यार.

*

माझं पहिलं ड्रॉइंग मी मोठ्या ऐटीत समोर ठेवलं. सर म्हणाले, "कपड़े कहाँ सूखेंगे? झाड़ू कहाँ रहेगी?" मी ड्रॉइंगमध्ये जागा शोधायला लागले.

"ये घर नहीं, फोटो है."

पुण्याची गोल्ड मेडलिस्ट मी! बाथरूममध्ये जाऊन रडले.

*

मग गाझियाबादचं प्रकरण आलं. तिथली चार मजली विटांची वसाहत हे सरांचं पहिलं काम. रहिवाशांना ती पाडून टॉवर हवा होता. मूळ आर्किटेक्ट म्हणून सरांनी लेखी हरकत घेतली तर पाडकाम थांबू शकेल, असं सरांचे वकील म्हणाले. कागद मीच टाइप केला. त्या आठवड्यात सरांचा डबा रोज तसाच परत जायचा. आम्हाला बघवत नव्हतं.

*

सही करण्याआधी सर म्हणाले, "एक बार देख आते हैं."

चौथ्या मजल्यावर गोखलेकाकू राहतात, अगदी पहिल्यापासून. त्यांनी आम्हाला पोहे दिले. मग माझा हात धरून मराठीत म्हणाल्या, "घर सोन्यासारखं आहे गं. पण लिफ्ट नाही. दिवाळीपासून मी खाली उतरले नाही. आमचे हे गेले ना, तेव्हा जिन्यात स्ट्रेचर वळेना. खुर्चीत बसवून उतरवलं त्यांना."

"क्या कहा?" सरांनी विचारलं.

"घर बहुत पसंद है, कहती हैं."

सर माझ्याकडे बघतच राहिले. "और?"

मग सगळं सांगितलं.

सरांनी माझ्याकडून तो हरकतीचा कागद घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, "मुझे कोई एतराज़ नहीं. लिफ्ट में स्ट्रेचर सीधा आना चाहिए."

खाली सही केली आणि कागद काकूंच्या हातात दिला.