मस्टरवरचा सुदानी

'रकाना कोरा ठेवता येत न्हाई' हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा आईची हाकसुद्धा ऐकली नसेल. परभणीतल्या एका खाजगी संस्थेच्या कॉलेजात मी कारकून म्हणून लागलो तेव्हा विद्यापीठाच्या नामांतराचं घोंगडं अजून भिजत पडलेलं होतं. कॉलेजचं नाव सांगण्याच्या लायकीचं नाही म्हणून सांगत नाही. आस्थापना विभागात आम्ही तिघं होतो: मी, बहुतेक वेळ रजेवर असणाऱ्या एक टायपिस्ट बाई, आणि आमचे हेडक्लार्क. हेडक्लार्कांना प्राध्यापकसुद्धा वचकून असत, कारण कुणाची वेतनवाढ कुठल्या फायलीत अडकवून ठेवायची हे त्यांच्या हातात होतं. त्यांना इंग्रजीत चार ओळींचं पत्र धड लिहिता येत नव्हतं, पण अर्जात चूक काढायला त्यांना अर्ज वाचावाही लागत नसे.

मी रुजू झालो त्या दिवशी जातीच्या रकान्यात 'बौद्ध' असं लिहिलं होतं. हेडक्लार्कांनी लाल शाईचा पेन काढला आणि त्यापुढे कंसात माझ्या आजोबांची जात लिहिली. ते म्हणाले, "धर्म काय बी घ्या तुमी, हापिसाला मूळ लागतंय." माझ्या वडिलांनी ज्या गोष्टीपायी गाव सोडलं होतं, ती ह्या माणसानं दोन सेकंदांत परत आणून माझ्या फायलीत लावली. त्यांच्याबद्दलचा माझा तिटकारा त्या दिवशी सुरू झाला आणि तो अजून शाबूत आहे.

आमच्याकडे तेव्हा एक सुदानी विद्यार्थी एम.एस्सी. करत होता. कॉलेजच्या मागे पाच एकरांचा एक प्लॉट आणि बियाण्यांची खोली होती. कुठल्या वाणाचं किती बी उगवलं, किती कुजलं, याची रोज सकाळी मोजदाद ठेवायला तिथल्या प्राध्यापकांना माणूस हवा होता. ह्या सुदान्याचे घरून येणारे पैसे अडकले होते आणि बियाण्यांत त्याचा हात चालत होता. प्राध्यापकांनी त्याला अर्धा दिवस कामावर घ्यायचं ठरवलं आणि नेमणुकीचा फॉर्म देऊन आमच्याकडे पाठवलं. फॉर्ममध्ये नाव, वडिलांचं नाव, जात, पोटजात, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा असे रकाने होते. जात आणि पोटजात यांच्यापुढे त्यानं नुसती रेघ मारली होती.

ह्या रेघेवर आमच्या कार्यालयात तीन दिवस चर्चा झाली. रकाना कोरा ठेवता येत नव्हता. 'मुसलमान' लिहा असं शिपाई म्हणाला, तर हेडक्लार्क म्हणाले तो धर्म झाला. 'इतर' लिहा असं मी म्हणालो, तर ते म्हणाले त्याला दाखला लागेल आणि तहसीलदार सुदानचा दाखला देत नाही. खरी गोम वेगळीच होती. परदेशी विद्यार्थ्याला कामावर ठेवायचं तर आधी पोलिसांच्या परदेशी नागरिकांच्या शाखेला कळवावं लागणार, मुंबईला लिहून परवानगी आणावी लागणार, आणि हा सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत करावा लागणार. इंग्रजीला हेडक्लार्क घाबरत. पण तसं कबूल करण्याऐवजी ते सुदानच्या जातिव्यवस्थेवर बोलत राहिले.

तिसऱ्या दिवशी त्यांना शक्कल सुचली. प्लॉटवर रोजंदारीनं येणारा ताडकळसचा एक मजूर वर्षभरापूर्वी बायकोपोरांसह पुण्याकडे निघून गेला होता. त्याचं नाव मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, तसंच होतं. हेडक्लार्क म्हणाले, "हेला त्याच्या नावावर घाला. मस्टरला कोन इचारतंय?" म्हणजे परवानगी नको, पत्र नको, फॉर्म नको. त्यांच्या टेबलावरचा चहा निवायच्या आत सुदानचा एक पदवीधर ताडकळसचा मजूर झाला. त्याला नवं नाव मिळालं, नवा बाप मिळाला, आणि जात मिळाली ती नेमकी माझी.

हाच हेडक्लार्क नामांतराच्या विरोधातल्या मोर्चांत पुढच्या रांगेत असायचा. नाव बदलणं म्हणजे इतिहास पुसणं, असं तो कार्यालयात मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणायचा. एका जिवंत माणसाचं नाव, बाप आणि देश पुसताना मात्र त्याला इतिहासाची आठवण झाली नाही. ज्याचं नाव वापरलं त्या ताडकळसच्या माणसालाही कुणी विचारलं नाही. पण आमच्यासारख्यांना विचारायची पद्धत तिथे नव्हतीच.

महिनाअखेरीला सुदानी मजुरी घ्यायला आला तेव्हा त्यानं सही करायला खिशातून पेन काढला. हेडक्लार्क म्हणाले, "सही न्हाई. ह्या नावाला अंगठा लागतोय." तो म्हणाला, मला तीन भाषांत सही करता येते. हेडक्लार्कांनी पॅड पुढे सरकवलं. तो माझ्याकडे बघून हसला आणि त्यानं अंगठा उठवला. मी त्याला पुसायला टिपकागद दिला. दोन वर्षं दर महिन्याला हे असंच चाललं, आणि त्या दोन वर्षांत प्लॉटवरच्या मजुरांत राहून त्याची मराठी आमच्यापेक्षा अस्सल परभणीची झाली. कागदोपत्री आपण एकाच भावकीतले झालो हे मी त्याला एकदा समजावून सांगितलं. त्याला ते भारी आवडलं. तेव्हापासून तो मला भाऊ म्हणायचा, आणि भावकी म्हणून माझ्या घरी येऊन दर आठवड्याला जेवायचा. आई त्याच्यासाठी भाकरी जास्त थापायची.

त्याची डिग्री झाली आणि घरून पत्र आलं. त्याच्या देशातल्या एका बियाणे केंद्रात त्याची नेमणूक होणार होती, पण एका अटीवर: बियाण्यांच्या कामाचा दोन वर्षांचा अनुभव, आणि तसा कॉलेजचा दाखला. शिवाय त्या वेळी नियम असा होता की इथे राहिलेल्या परदेशी माणसाला आयकर कार्यालयाचा बेबाकीचा, म्हणजे कर बाकी नसल्याचा, कागद दाखवल्याशिवाय विमानात बसू देत नसत. तिथल्या फॉर्मात विचारलं होतं, भारतात काही काम केलं का, कुठे, किती मिळकत झाली. ह्यानं सरळ खरं लिहिलं. अधिकारी भला माणूस होता. तो म्हणाला, एवढ्या मिळकतीवर एक पैसा कर लागत नाही, फक्त कॉलेजचा दाखला आणा, लगेच मोकळं करतो. म्हणजे एका दाखल्यावर त्याची नोकरीही होती आणि घरी जाणंही. खरं बोलल्याचा कुणालाच काही खर्च नव्हता. तरी आमच्या कार्यालयाला ते परवडलं नाही.

हेडक्लार्क म्हणाले, "ह्या नावाचा मानूस आमच्या मस्टरवर कदी नव्हताच."

सुदानी म्हणाला, "साहेब, अंगठा माझा हाय. दोन वरसं तुमीच घेतला की."

"अंगठ्यावर काय नाव लिवलेलं आसतंय का? तुमी आसं करा, काम केलं न्हाई मनून लिवा त्या फॉर्मात. जावा मग गावाकडं."

"मग तिकडची नोकरी?"

"ते तुमचं तुमी बघा."

मी त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसून आवक रजिस्टर लिहीत होतो. दिवसभर माझं डोकं तापलेलं राहिलं. दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क कसल्याशा मोर्चाच्या तयारीला गेले आणि कार्यालय माझ्यावर होतं. मी टाईपरायटरवर कागद चढवला आणि दाखला टाईप केला: त्याचं स्वतःचं नाव, त्याच्या बापाचं नाव, सुदान, दोन वर्षं, बियाणे उगवण तपासणी, काम समाधानकारक. प्राचार्य चार वाजता सह्यांचा गठ्ठा घेत. सही करताना ते संस्थेच्या चिटणीसांशी फोनवर 'जी जी' करत असत आणि कागदाकडे बघत नसत. त्यांनी स्वतःच्या राजीनाम्यावरसुद्धा तशीच सही केली असती. मी शिक्का मारला. सुदान्याला कॉलेजबाहेरच्या हॉटेलात गाठून दाखला दिला. त्यानं तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "ह्यात माझं नाव हाय." मला त्या संध्याकाळी स्वतःचा फार अभिमान वाटला. इतका की घरी जाऊन मी वडिलांना सगळं रंगवून सांगितलं.

पण तो आयकर अधिकारी भला होता तसाच काटेकोरही होता. त्यानं कॉलेजला एक साधं पत्र पाठवलं: दाखला मिळाला, मजुरी कुठल्या खात्यातून दिली तेवढं कळवावं. सवडीनं कळवलं तरी चालेल, असंही लिहिलं होतं. ते पत्र मी नसताना आलं आणि हेडक्लार्कांनी फोडलं.

त्यांनी मला बोलावलं आणि दार लोटून घेतलं. "हे कुनी केलं?"

तेव्हा मी कायम झालो नव्हतो. कायम करायची फाईल त्यांच्याच खणात होती. नामांतराच्या दंगलीत आमचं गावाकडचं घर जळाल्यापासून वडील परभणीत मिळेल ते काम करायचे आणि घर माझ्या पगारावर चालायचं. हे कारण मी नंतर कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. कारण खरं आहे. पण खरं सांगायचं तर, हेडक्लार्कांनी प्रश्न विचारला तेव्हा माझ्या डोक्यात वडील नव्हते, आई नव्हती, कुणीच नव्हतं. माझं तोंड आपोआप उघडलं.

मी म्हणालो, "मला ठावूक न्हाई साहेब. त्यानंच भायेरून टाईप करून आनलं आसंल."

हेडक्लार्कांना मी खोटं बोलतोय हे कळलं. आमच्या टाईपरायटरची अक्षरं ते रोज बघत होते. पण ते खूश झाले. त्यांना हेच हवं होतं, आणि ते माझ्याकडून आलं म्हणजे दुधात साखर. म्हणाले, "मग लिव तसं." मी पुन्हा कागद चढवला. सदरहू प्रमाणपत्र या कार्यालयातून देण्यात आलेले नाही. उक्त विद्यार्थ्याने या महाविद्यालयात कोणत्याही स्वरूपाचे काम केलेले नाही. एकही चूक न करता मी ते टाईप केलं. आयुष्यभर ज्या माणसांना मी तुच्छ लेखत आलो, त्यांची भाषा मला किती सहज येत होती.

दुसऱ्या दिवशी सुदान्याला बोलावलं. हेडक्लार्कांनी माझं पत्र त्याच्यापुढे ठेवलं. म्हणाले, बनावट दाखला म्हणजे पोलीस केस आहे, पण कॉलेजला बोभाटा नकोय. दाखला गैरसमजातून मीच तयार केला आणि मी इथे काम केलेलं नाही, असं लिहून सही करा, आजच आयकरवाल्यांना पाठवतो, परवा तुम्हाला जायचा कागद मिळेल. नाहीतर बसा इथेच.

त्यानं पत्र वाचलं. खाली कोपऱ्यात टाईप करणाऱ्याची आद्याक्षरं घालायची आमच्याकडे पद्धत होती. ती माझी होती. त्यानं तिथे बोट ठेवलं, मग वर बघितलं. मी रजिस्टरात बघत होतो, पण तो बघतोय हे मला कळत होतं. तो रागावेल, मला सगळ्यांदेखत शिव्या देईल, दाखला कुणी टाईप केला ते सांगेल, असं मला वाटत होतं.

तो हेडक्लार्कांना म्हणाला, "म्याच केलं. ह्या भावाचा काई संबंध न्हाई."

माझं नाव तोपर्यंत कुणी काढलंच नव्हतं.

हेडक्लार्कांनी सांगितलं तसं त्यानं लिहून दिलं आणि खाली सही केली. त्याची सही ह्या कार्यालयात घेतली गेली ती त्या एकाच कागदावर, आपण इथे काही केलं नाही असं सांगणाऱ्या. दोन दिवसांनी तो गेला. स्टेशनवर पोचवायला मी गेलो नाही. तिकडे त्याला नोकरी मिळाली की नाही हे मी कधी विचारलं नाही, आणि विचारायला पत्ता नव्हता हेही खरं नाही, पत्ता त्याच्या फॉर्मवर होता.

तो सही करून बाहेर पडला तेव्हा साडेबारा वाजले होते. मी टाईप केलेलं ते पत्र जावक रजिस्टरात चढवलं, क्रमांक टाकला आणि डबा उघडला. आईनं आदल्या रात्री विचारलं होतं, तुझा तो मित्र आला न्हाई ह्या आठवड्यात, म्हणून तिनं त्याच्यासाठीही दोन भाकरी बांधून दिल्या होत्या. मला सपाटून भूक लागली होती. मी त्याही खाल्ल्या.