तांदळाच्या डब्यातला पासपोर्ट

बोरिक पावडर लावलेल्या तांदळाचा वास आला की दोह्यातलं, बिन महमूद भागातल्या फ्लॅटमधलं आमचं स्वयंपाकघर आठवतं. सुनेच्या बहिणीने पोटची मुलगी माझ्या मुला-सुनेला दत्तक दिली होती. पाच वर्षांनी ती लेकीला भेटायला नाशिकहून आली. पोर "हॅलो मावशी" म्हणाली, तेव्हा त्या बहिणीचा चेहरा मला काही बरा वाटला नाही. ही पोरीला घेऊन जाईल म्हणून मी पोरीचा पासपोर्ट तांदळाच्या डब्यात पुरला. दुसऱ्या दिवशी मी नको म्हणत असताना तिने भात लावायला घेतला. डब्यात हात घालून तिने तांदूळ वरखाली केले. मग म्हणाली, "काकू, वर आला होता. खाली दाबून ठेवलाय." मी नुसतं "बरं" म्हटलं. तरी ती विमानात बसेपर्यंत तो काढला नाही. आज ती आली तरी मी पासपोर्ट लपवीनच, फक्त भात तिला लावू देईन.