मोटेच्या चामड्याची नळी

आमची मोटार मी घेतली तेव्हाच म्हातारी होती. एका निवृत्त वकिलांनी बरीच वर्षं वापरून ती मला दिली होती. पिंपळगाव राजात दुसरी मोटार कुणाकडे नव्हती, म्हणून तिचं वय काढायला कुणी येत नव्हतं. मी मात्र नवरदेवासारखा तिच्यात बसून शेतावर जायचो. शेत अर्ध्या कोसावर होतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत तिच्या रेडिएटरची वरची रबरी नळी गेली. इंजिनातलं उकळतं पाणी या नळीतून रेडिएटरमध्ये जातं आणि तिथं निवतं. आमची नळी फुगून मऊ पडली होती, बोटानं दाबली की भेग उघडायची. खामगावला विचारलं, अकोल्याला माणूस धाडला. रबर म्हणून कुठं मिळेना, सगळं लढाईवर गेलेलं.

नेमकी त्याच वर्षी चैत्रात बायकोची परीक्षा आली. ती बाहेरून मराठी सातवीला बसली होती. पास झाली तर गावच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होणार होती, आणि त्यासाठी दोन वर्षं तिनं चुलीपुढं बसून गणितं सोडवली होती. पहिला पेपर बुलढाण्याला, सकाळी अकराला. तो हुकला की वर्ष गेलं.

वडील म्हणाले, आदल्या दिवशी उतारूंच्या सर्व्हिस मोटारीनं जाऊ दे तिला, तिची मावशी तिथं आहेच. मी उखडलो. घरची मोटार असताना माझी बायको त्या कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या खटाऱ्यात बसणार? पेट्रोलची कुपनं मी तिच्यासाठीच राखून ठेवली होती. बायको काही बोलली नाही, आणि मी तो होकार धरला.

उपाय मला विहिरीवर सुचला. बैलांनी मोट वर ओढली आणि तिच्या चामडी सोंडेतून पाणी धो धो थारोळ्यात पडलं. पाणी नेणारी नळीच ती, रबराचं काय घेऊन बसलात? आमच्या मोटा शिवणाऱ्या म्हाताऱ्याला मी लगेच बोलावणं धाडलं. त्यानं माप घेतलं, चामडं हातात फिरवलं आणि मान हलवली.

"मालक, मोट थंडं पानी वायते. हे त उकळतं. चामडं आखडन."

"तू शिव," मी म्हणालो. "मोटारीचं मले समजते."

शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. मला तो लागला नाही, यावरून काय ते समजावं. नळी मात्र त्यानं अशी शिवली की टाका दिसू नये. आम्ही ती तारेनं दोन्हीकडं आवळली, रेडिएटरात विहिरीचं गार पाणी भरलं, थेंब गळला नाही. गाव पाहायला जमलं होतं. मी वेशीपर्यंत जाऊन परत आलो आणि त्या रात्री गाढ झोपलो.

पहाटे निघालो. खामगाव मागं पडलं, बुलढाण्याचा घाट लागला, आणि निम्म्या चढावर जळक्या चामड्याचा वास आला. मग फस्स आवाज झाला आणि समोर नुसती वाफ. बॉनेट उघडून पाहतो तर वीतभर लांबीची नळी आखडून चार बोटांची झालेली, लाकडासारखी कडक, आणि एका टोकानं निसटलेली. पाणी सगळं रस्त्यावर.

"पाच मिनिटं," मी म्हणालो. पडलो तरी नाक वर. माझं उपरणं फाडून गुंडाळलं, हात पोळून घेतला, नळीला चार शिव्या दिल्या. बायको मागच्या सीटवर भूगोल वाचत होती. मधूनच ती घाटाच्या खालच्या वळणाकडे पाही. मला वाटलं, घाबरली असेल.

तेवढ्यात त्या वळणावरून सर्व्हिस मोटार धापा टाकत वर आली आणि कुणी हात न करता आमच्याजवळ थांबली. ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं.

"या बाई. पुढची जागा राखली हाय. कालच निरोप धाडला होता ना तुमी, घाटात मोटार उभी दिसली त थांबजा म्हणून."

बायकोनं पुस्तकं गोळा केली. "तुमी येता काय?"

"मोटार टाकून कसा येऊ?"

ती चढली. उतारूंनी माझ्याकडे पाहिलं, दोघेतिघे तर मन भरेपर्यंत. मग मी दगडावर बसून सगळ्यांवर चिडलो. लढाईवर, चामड्यावर, म्हाताऱ्यावर, आणि सर्वांत जास्त बायकोवर. हिला ठाऊक होतं तर बोलायला काय झालं होतं?

एका भल्या गाडीवानानं बैलांनी मोटार ओढून दिली, तेव्हा संध्याकाळी बुलढाण्यात मावशीच्या दारात पोचलो. बायको ओट्यावर बसून दुसऱ्या दिवसाचा अभ्यास करत होती. पेपर चांगला गेला, असं मी विचारायच्या आधीच तिनं सांगितलं.

"मले काऊन नाही सांगतलं?" मी विचारलं.

"सांगतलं असतं त तुमी रुसून मोटार काढलीच नसती," ती म्हणाली. "अन् मले तुमच्याच संगं यायचं होतं. जेवढं जमन तेवढं."

माझा दिवसभराचा राग गळून पडला. लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी तिची पुस्तकं घेऊन मी परीक्षेच्या शाळेपर्यंत तिच्याबरोबर पायी गेलो.