खोली भाड्यानं देता येत नाही

तेव्हा आमच्या शाळेत दोन खोल्या होत्या आणि सतरा पोरं. म्हणजे एक खोली रिकामीच. तिथं मोडकी बाकं आणि एक पृथ्वीगोल राहत असे. त्या पावसाळ्यात पोरांची खिचडी शिजवणाऱ्या मावशींच्या घराची मातीची भिंत बसली. एकट्या बाई, घरकुल मंजूर व्हायला वेळ. शाळा व्यवस्थापन समितीनं एकमुखानं ठराव केला, रिकामी खोली मावशींना भाड्यानं द्यावी. मुख्याध्यापक म्हणून मीही सही ठोकली.

तालुक्याहून उत्तर आलं. समितीला इमारत भाड्यानं द्यायचा अधिकार नाही, खोली फक्त शिक्षणासाठी वापरावी.

समितीचे अध्यक्ष धानाच्या रोवण्यातून तसेच आले, पाय चिखलानं भरलेले. पत्र दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाले, “मंग शिकवा ना तिले, गुरुजी! कोन नाही म्हणून राहिला?”

झालं. साठीच्या मावशी माझ्या प्रौढ साक्षरता वर्गाच्या एकुलत्या एक विद्यार्थिनी झाल्या. वर्ग निवासी. फळ्याखाली चूल, बाकाला शेळी. तपासणीला आलेल्या साहेबांनी शेळीकडे बोट दाखवलं, तेव्हा मी बेधडक सांगितलं, शैक्षणिक साहित्य. त्यांनी तसं लिहूनही नेलं.

घोळ एकच होता. मार्चमध्ये परीक्षा. मावशी पास झाल्या की वर्ग बंद आणि खोलीला कुलूप. जन्मभर मी पोरांच्या मागे लागलो, पास व्हा म्हणून. आता मावशींच्या विनवण्या करत होतो.

“मावशी, पेपर कोरा सोडा. नापास झाल्या त खोली आनखी एक साल राहते.”

“बरं जी,” त्या म्हणाल्या.

आणि पेपर त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत भरून टाकला. मी जाम चिडलो. “काहून लिवलं, मावशी?”

“येत होतं ना, गुरुजी. येत असून कोरा कसा सोडू?”

निकाल लागला, मागोमाग आदेश आला. घरकुलाचा अजून पत्ता नव्हता. तोंडानं सांगायची माझी छाती झाली नाही. आठ दिवसांत खोली रिकामी करावी, अशी नोटीस लिहून दाराला चिकटवली आणि मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो.

मावशी शेळी घेऊन आल्या. दारापाशी थांबल्या, ओळीखाली बोट धरलं आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचू लागल्या. मग हाक आली, “गुरुजी!” मी बाहेर गेलो. त्या तोंडभर हसत होत्या.

“पूरा कागद वाचली मी, कोनाले न विचारता. खाली तुमचंच नाव हाये ना?”