वासुदेवला पुन्हा आरोपी करताना

वासुदेवने शिक्षण खात्याचं पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि उभाच राहिला. कारापूरचा हा तरुण मराठी शाळेत मास्तर म्हणून निवडला गेला होता. पोलीस तपासणीत त्याला शिक्षा झाल्याचं आढळलं, सबब नेमणूक थांबवली आहे, असं पत्रात होतं. नोंद काढून आणायला सहा महिने दिले होते. पुढच्या वर्षी त्याचं वय बसणार नव्हतं. म्हणजे मास्तरकी आता, नाहीतर कधीच नाही.

शिक्षा होती भाषेच्या आंदोलनातली. गोवा घटक राज्य व्हायच्या आधी डिचोलीत मराठीसाठी रस्ता अडवला, त्यात हा बसला होता. पोलिसांनी बारा जणांना उचललं. अकरा जण तारखा चुकवत राहिले. वासुदेव पहिल्याच तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून हजर. गुन्हा कबूल केला, किरकोळ दंड भरला आणि जेवायला घरी गेला. पुढे सरकारने आंदोलनाच्या प्रलंबित केसेस मागे घेतल्या आणि ते अकरा जण धुतल्या तांदळासारखे झाले. वासुदेवची केस प्रलंबित नव्हती. ती कधीच संपली होती.

मी वैतागलो. "हय म्हण म्हणून तुका कोणें सांगिल्लें?"

"तुमीच सांगिल्लें, वकीलबाब."

सत्याग्रह मराठीसाठी आणि बोलणं कोंकणीत, यात आमच्याकडे कोणाला काही वावगं वाटत नाही. पण मी सांगितल्याचं मला आठवेना. त्याला सगळं आठवत होतं. कोर्टाच्या व्हरांड्यातून मी दुसऱ्या केससाठी पळत होतो. त्याने गाठलं, तेव्हा न थांबताच मी म्हणालो होतो, "विचारलं की हो म्हण, आजच सुटशील." मला मनापासून लाज वाटली. केस मी घेतली, आणि फीचा विषय त्यानेही काढला नाही.

गुन्हा कबूल करून शिक्षा झाली, की ती चुकीची म्हणून सहसा अपील करता येत नाही. रिव्हिजन करता येते. म्हणजे वरच्या कोर्टाला सांगायचं, की खाली काम रीतसर झालेलं नाही, कागद मागवून बघा. मी नकला काढल्या. छापील इंग्रजी फॉर्म. आरोप इंग्रजीत, कबुलीचा रबरी शिक्का इंग्रजीत, खाली वासुदेवची सुवाच्य मराठी सही. आरोप त्याला कळेल अशा भाषेत सांगितल्याची नोंद कुठेच नव्हती. मराठीसाठी रस्त्यावर बसलेल्या माणसाने गुन्हा इंग्रजीत कबूल केला होता. मला हसू आलं. वासुदेवला आलं नाही.

उशीर माफ व्हावा असा वेगळा अर्ज जोडून आम्ही पणजीच्या सेशन्स कोर्टात गेलो. सरकारी वकिलांचा मुद्दा बरोबर होता: शिकलेला माणूस न समजता हो कशाला म्हणेल? जज्जसाहेबांनी वासुदेवलाच विचारलं. तो म्हणाला, काय विचारलं ते कळलं नव्हतं, पण हो म्हणायचं हे आधीच ठरलं होतं.

"कोणी ठरवलं?"

वासुदेवने माझं नाव घेतलं नाही. तो मला वाचवत होता आणि स्वतःची नोकरी घालवत होता. कोर्टात माझ्या ओळखीचे निदान आठ वकील बसले होते.

"मी, सर," मी म्हणालो. "आरोप काय आहे, हे मीही विचारलं नव्हतं."

जज्जसाहेबांनी ते शब्दशः लिहून घेतलं.

शिक्षा रद्द झाली आणि केस पुन्हा डिचोलीला आली. मी वासुदेवला सांगितलं, की तू आता परत आरोपी झालास आणि ही आनंदाची गोष्ट आहे. त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. पुढच्या तारखेला मॅजिस्ट्रेटसाहेबांनी आरोप मराठीत वाचून दाखवला आणि गुन्हा कबूल आहे का विचारलं. माझ्याकडे न बघता वासुदेव म्हणाला, "नाही." केस प्रलंबित असल्यामुळे सरकारी वकिलांनी ती मागे घेतली, आणि तो निर्दोष सुटला. मुदतीचे नऊ दिवस शिल्लक होते. वासुदेवला सुर्ल्याची शाळा मिळाली.

तेव्हापासून व्हरांड्यात कोणी सल्ला विचारला, तर मी आधी थांबतो. वासुदेवच्या नावावर आता काही नाही. माझी कबुली मात्र पणजीच्या त्या निकालपत्रात दुसऱ्या पानावर आहे, आणि ती काढायला रिव्हिजन चालत नाही. ती मी समजून दिलेली आहे.