टायरचा ताप आणि पन्नास पौंडांचा बिस्किट

ऑर्विल टिमरमनच्या शर्टाच्या खिशात दोन वस्तू कायम असत: चष्मा आणि टायरची हवा मोजायची कांडी. चष्मा घरी राहिला तर तो बायकोला हाक मारी. कांडी राहिली तर स्वतः परत फिरे. नऊ हिवाळ्यांत मी त्याला कांडीशिवाय एकदाच पाहिलं, चर्चमध्ये. आणि तेव्हाही ती त्याच्या मोज्यात होती, असं त्याची बायको लव्हॉन सांगते.

आमचा ट्रेलर पार्क ॲरिझोनाच्या वाळवंटात आहे. मी इथे बारा महिने राहतो. बाकीचे ऑक्टोबरात गाडीमागे आपापलं घर ओढत उत्तरेकडून येतात आणि मार्च संपता संपता परत जातात. आयोवाचे टिमरमन माझ्या डावीकडे, कॅनडाच्या सस्कॅचेवानहून येणारा मेट्रो हनाट्युक उजवीकडे. मी चाळीस वर्षं चौथीच्या मुलांना गणित शिकवलं, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात आणि वाद झाला की मध्ये बसवतात.

सकाळी ऊन टायरांना लागायच्या आत ऑर्विल बाहेर येई. "हवा मोजायची ती टायर झोपेत असताना. एकदा तापला की तो खोटं बोलतो," हे त्याचं म्हणणं. चारही टायरांत पन्नास पौंड हवा भरली की तो प्रत्येकावर तळहात टेकवी, लेकराचा ताप बघावा तसा. मग लव्हॉनने जुन्या पडद्यांतून शिवलेल्या, कोंबडे छापलेल्या टोप्या चारही टायरांना चढवी, कारण उन्हाने रबर मरतं. चहा त्यानंतर.

टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात; पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. ऑर्विल कुणाच्याही ट्रेलरपाशी गुडघ्यावर बसून ते वाची. "हा अकरा वर्षांचा आहे, मेट्रो! ट्रेलरचा टायर झिजून मरत नाही, म्हातारा होऊन मरतो. पाच वर्षं झाली की निवृत्त करायचा."

"मीही एक्क्याऐंशीचा आहे," मेट्रो म्हणे. "मला कधी काढतोस?"

"तू काही ताशी पासष्ट मैलांनी धावत नाहीस."

याचं मूळ दहा वर्षांपूर्वीच्या एका दुपारी होतं. न्यू मेक्सिकोच्या हमरस्त्यावर त्यांचा मागचा उजवा टायर फुटला. टायरची साल सुटून चाबकासारखी फिरली, चाकावरची फळी फोडून आत घुसली, आणि आत नेमका मैद्याचा डबा होता. पोलीस अधिकाऱ्याने दार उघडलं तर पलंग, शेगडी, संडास, सगळं तळायला घेतल्यासारखं पिठात घोळलेलं. लव्हॉनच्या आवडत्या कढईचं झाकण पुढे निवडुंगावर सापडलं. ती ते झाकण हातात घेऊन एवढंच म्हणाली, "ऑर्विल, पुन्हा एक टायर फुटला की हा चाकांवरचा डबा विकायचा." आवाज चढवला नाही. चढवला असता तर तो एवढा घाबरला नसता.

तेव्हापासून आमच्या पार्कात त्याने एक रीत पाडली. परतीच्या आठवड्यात प्रत्येकाने भरलेला ट्रेलर घेऊन ट्रकवाल्यांच्या थांब्यावरच्या वजनकाट्यावर जायचं आणि पावती हॉलमधल्या फळ्यावर लावायची. शनिवारी पॅनकेकची न्याहारी असते, तेव्हा ऑर्विल लाल पेन्सिल घेऊन फळ्याशी उभा राही. "जास्त हवेने टायर फुटत नाही, जास्त सामानाने फुटतो," म्हणत त्याने एका बाईंची शिवणयंत्रं उतरवली होती, आणि मेट्रोकडून खारवलेल्या कोबीच्या सहा बरण्या.

या वर्षी फेब्रुवारीत लव्हॉनला कोरड्या ओढ्यात एक दगड सापडला. त्यांचा कुत्रा बिस्किट ऑक्टोबरात, इथे यायला निघायच्या आदल्या आठवड्यात गेला होता. तो दगड उजवीकडून दगड होता. डावीकडून बिस्किट होता. तोच पडलेला कान, तीच काहीतरी खाऊन नामानिराळं राहिल्याची मान. लव्हॉनने तो चाकांच्या ढकलगाडीवरून आणला, धुतला आणि पायरीशी ठेवला. तिला तो आयोवाच्या बागेत न्यायचा होता, बिस्किट बसायचा त्या जागी. एरवी ती काही मागणारी बाई नाही.

ऑर्विलने माझा बाथरूममधला वजनकाटा मागून आणला. "पन्नास पौंड," तो म्हणाला. "म्हणजे एकेका टायरवर साडेबारा. जमायचं नाही."

"शिवणयंत्रवालीला तू हेच म्हणालास," लव्हॉन म्हणाली.

"मग? नियम तो नियम."

"तुझी पावती कुठेय पण?"

"कसली पावती?"

"फळ्यावर सगळ्यांची असते. नऊ वर्षांत तुझी मी एकदाही पाहिली नाही."

ऑर्विल कांडी काढून उगाच पुसू लागला. "मला माझ्या ट्रेलरचं वजन माहीत आहे. त्यातली वस्तू न् वस्तू मीच ठेवलीय."

लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. मेट्रो आपली खुर्ची दोन हात जवळ ओढून बसला होता. "मास्तर," तो म्हणाला, "याला सांगा. माझा कोबी अजून माझ्या मनात आहे."

मी निवाडा दिला. चार टायर मिळून सात हजार पौंड झेलतात, हे ऑर्विलचंच गणित. दगडासकट ट्रेलर काट्यावर न्यायचा. सात हजारांच्या आत भरला तर बिस्किट आयोवाला जाईल. वर गेला तर माझ्या अंगणात राहील.

"कबूल," लव्हॉन म्हणाली, पण तिने हात दगडाच्या डोक्यावरून काढला नाही.

परतीच्या आठवड्यात, गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. मेट्रोला कुणी बोलावलं नव्हतं. तो आधीच मागच्या सीटवर होता. काट्याने पावती दिली. ट्रेलर: सात हजार चारशे साठ.

"काटा बिघडलाय," ऑर्विल म्हणाला.

"रोज दोनशे ट्रक त्यावर जातात," मेट्रो म्हणाला. "त्यांच्यासाठी चांगला, तुझ्यासाठी बिघडलेला?"

 लव्हॉनने ट्रेलरचं दार उघडलं. "उतरवा त्याला. करार तो करार."

मेट्रोने आणि मी दगड खाली घेतला आणि मी त्याच्या शेजारी फुटपाथवर बसलो. ऑर्विल पुन्हा काट्यावर गेला. तेवढ्यात एक ट्रक ड्रायव्हर हातात बर्गर घेऊन माझ्या डावीकडून आला, थबकला आणि लांबूनच विचारता झाला, "काका, चावतो का?"

"नाही," मी म्हणालो. "फार गरीब आहे."

त्याने बर्गरचा तुकडा दगडापुढे टाकला आणि निघून गेला. लव्हॉनने ते पाहिलं. ती हसली आणि लगेच तोंड फिरवून रुमाल शोधू लागली.

दुसरी पावती आली: सात हजार चारशे दहा.

मी चौथीच्या वर्गात विचारावं तसं विचारलं, "ऑर्विल, बिस्किट उतरला. तरी चारशे दहा जास्त. मग हे चारशे दहा कुणाचे?"

ऑर्विलने पावती उलटी करून पाहिली. मागे काही लिहिलेलं नव्हतं.

पार्कात परत येऊन आम्ही सगळं सामान बाहेर काढलं. लोकांनी खुर्च्या आणल्या. कोणीतरी लिंबूपाणीही आणलं. लव्हॉनचं कपाट आधी रिकामं झालं: कपडे, सहा ताटं, ती झाकणाची कढई. मग ऑर्विलने ट्रेलरच्या पुढचा कप्पा उघडला. तीन जॅक. हवा भरायचे दोन पंप.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक बिघडला तर."

ट्रेलर समतल करायच्या चौदा फळ्या. एक जादा टायर. त्यामागे आणखी एक. त्यामागे तिसरा, टक्कल पडलेला.

"हा कोण?" लव्हॉनने विचारलं.

"निवृत्त झालाय. पण चांगला होता गं."

"फुटलेल्याचा जोडीदार ना हा? दहा वर्षं आपण याला फिरवतोय?"

"त्याने साथ दिली होती. त्या दिवशी तो फुटला नाही."

कुणी हसलं नाही, मेट्रोसुद्धा. मग मेट्रोनेच खाली वाकून ट्रेलरच्या पाण्याच्या टाकीचा नळ उघडला आणि पाणी वाहू लागलं. वाहतच राहिलं. टाकी काठोकाठ भरलेली होती. चाळीस गॅलन, तीनशे तीस पौंड.

"हे कशाला?" आता सगळ्या खुर्च्यांनी विचारलं.

"टायर तापला तर ओतायला," ऑर्विल अगदी हळू म्हणाला.

मेट्रोला बसावं लागलं. "अरे बाबा," तो डोळे पुसत म्हणाला, "टायर वाचवायच्या सामानानेच तू टायर मारणार होतास!"

लव्हॉनला आता बोलायची उत्तम संधी होती. मी मास्तर आहे, असे क्षण मला ओळखू येतात. तिने टक्कल पडलेल्या टायरवर हात ठेवला आणि म्हणाली, "ऑर्विल, त्या मैद्याचं मला कधीच वाईट वाटलं नव्हतं. तू दहा वर्षं चहा गार करून पितोयस, त्याचं वाटतं."

त्याने दोन जॅक, एक पंप, सगळ्या फळ्या आणि दोन जादा टायर माझ्या अंगणात आणून ठेवले. मग न सांगता दगड उचलायला वाकला. तो त्याने ट्रेलरमध्ये बरोबर चाकांच्या वर पट्ट्याने बांधला, कारण वजन शेपटीकडे गेलं तर ट्रेलर डुलतो. लव्हॉनने त्याचं तोंड फिरवून डावी बाजू पलंगाकडे केली. ऑर्विलने पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला.

नवी पावती सहा हजार आठशे सत्तरची आली. शनिवारी ऑर्विलने ती फळ्यावर लावली, पहिल्या पावतीच्या शेजारी, आणि पहिलीवर स्वतःच लाल पेन्सिलीने गोल काढला. मेट्रोने त्याला दोन पॅनकेक जास्त वाढले आणि त्यांवर कोबी.

रविवारी निघताना ऑर्विलने झोपलेले चार टायर मोजले, चौघांवर तळहात टेकवला, आणि मग आत जाऊन दगडावरही टेकवला. मला बाहेरून खिडकीतून दिसलं.

बुधवारी आयोवाहून फोन आला. "चारही पन्नास," ऑर्विल म्हणाला. "एकही फुटला नाही. डबा राहिला." मागून लव्हॉनचा आवाज आला. त्याने तो मला पोचवला: "बिस्किट बागेत बसलाय. शेजारीण उजवीकडून आली, तिला नुसता दगडच दिसला; आता सगळ्यांनी डावीकडूनच यावं म्हणून लव्हॉनने कुंपणच सरकवायला लावलंय."

टकला टायर माझ्या अंगणात निवडुंगाखाली आहे. त्याला कोंबड्यांची टोपी आहे. ऑर्विलने बजावल्यामुळे मी रोज सकाळी ऊन यायच्या आत त्यावर हात ठेवतो. अजून ताप नाही.