इवाईबुवांचा आराखडा

घाटावर आणि घाटाखाली मिळून आमच्या इवाईबुवांइतका चौकस माणूस दुसरा जन्मला नसेल, आणि जन्मला असेल तर लोकांनी त्याला टिकू दिलं नसेल. व्याह्याला आमच्याकडे इवाई म्हणतात. त्यांची मुलगी माझी सून. नाल्याच्या अलीकडे माझं गाव, पलीकडे त्यांचं, आणि दोन्ही गावांची ग्रामपंचायत एकच. त्यामुळे हा माणूस मला लग्नकार्यापुरता नव्हे, बाराही महिने मिळाला. सोयरीक पाहायला आले तेव्हा माझ्या मुलाला त्यांनी एवढंच विचारलं, "मोटर किती एचपीची हाय, अन् लाईन गेल्यावर काय करता?" मुलगा माझ्या तोंडाकडे पाहायला लागला. मी म्हटलं, "इवाईबुवा, पोरगी मोटरीले द्याची हाय का पोराले?" तर म्हणाले, "पोराचं काय, तो दिसूनच राह्यला."

खामगावच्या बाजारातून त्यांनी भिंतीवर टांगायचा एक तापमापक आणला आहे. तो घेऊन ते उन्हाळाभर फिरतात. टिनाखाली किती, कवेलूच्या म्हणजे कौलांच्या छपराखाली किती, लिंबाच्या सावलीत किती, सगळं नातवंडांच्या जुन्या वह्यांच्या मागच्या पानांवर लिहितात. एकदा बुलढाण्याला जाताना घाटात त्यांनी बसच्या ड्रायव्हरला विचारलं, चढाले डिझेल किती जास्त लागते. तो म्हणाला, "बाबा, मागं बसा, नाहीतर तुम्हीच चालवा." हे मागं बसले आणि उरलेला घाट त्यानं गिअर किती वेळा बदलला ते मोजत राहिले. लग्नात जेवायच्या आधी आचाऱ्याजवळ जाऊन भट्टीची चौकशी करतात. हेही चाललं असतं, पण एका मयतीत त्यांनी "लाकूड किती मण लागलं?" असं विचारलं, तेव्हा मेलेल्याचा भाऊ रडता रडता थांबला. मी त्यांना बाजूला ओढलं. "इवाईबुवा, जागा तरी पाहत जा!"

"पाह्यली ना," ते म्हणाले, "म्हून तर इचारलं."

मागच्या वर्षी पंचायतीत वरून कागद आला. हवामान बदलत आहे, तेव्हा प्रत्येक गावानं आपला ऊर्जेचा आराखडा करावा; कोणत्या घरी काय जळतं ते लिहावं आणि पुढं काय करणार तेही लिहावं. बाकीच्यांना तो कागद म्हणजे डोकेदुखी. इवाईबुवांना मात्र लग्नपत्रिका आल्यासारखं झालं. समितीत त्यांचं नाव कोणी घातलं नाही. ते आपणच जाऊन बसले, आणि ऊठ म्हणायची कोणाची छाती झाली नाही. ज्या घरी गुरं आहेत आणि चूल पेटते, त्या घरासाठी गोबर गॅस मागायचा असं त्यांनी ठरवलं. म्हणजे चुली खऱ्या लिहिल्या गेल्या तरच गावाच्या पदरात काही पडणार होतं.

आणि ते माझ्यापाशी येऊन अडलं. मी चार यत्ता शिकलेला माणूस, पण गावात सिलिंडर पहिलं माझ्या घरी आलं. दोन दिवस मी ते अंगणात ठेवून लोकांना दाखवलं होतं. त्यावर चहा होतो. भाकर मात्र मला चुलीवरचीच लागते, पऱ्हाट्या-तुराट्यांच्या, म्हणजे कापसा-तुरीच्या वाळक्या काड्यांच्या, जाळावरची. तरी कागदावर 'चूल' लिहायचं म्हणजे मागासलेला ठरायचं, म्हणून मी 'गॅस' सांगितलं. माझं पाहून अख्ख्या आळीनं 'गॅस' सांगितलं. रोज सकाळी गावावर धुराची चादर, आणि यादीत एकही चूल नाही.

मुलीच्या बापानं तिच्या सासरी ओसरीच्या पुढं यायचं नाही, ही आमची जुनी रीत. अकरा वर्षं इवाईबुवा बाजेवर बसत, चहा घेत आणि जात. यादी तपासायला आले त्या दिवशी मात्र वही काखेत मारून उभे राहिले. "आज मी इवाई नाई, समिती हाय," म्हणाले आणि थेट स्वयंपाकघरात गेले. सून भाकरी थापत होती. बापाला पाहून उठायला लागली. "बस माय, तुहं काम कर," म्हणत ते तिच्या शेजारी जाळापुढं बसले ते पाच-सहा भाकरी होईपर्यंत. बाहेर आले तेव्हा डोळे लाल आणि खोकला थांबेना. आत सूनही खोकत होती. तिचा खोकला मला घड्याळाच्या टिकटिकीइतका सवयीचा होता. बाप-लेक एकदम खोकले तेव्हा तो मला पहिल्यांदा ऐकू आला.

"काय लिहू?" त्यांनी विचारलं.

"गॅस."

"अन् मी आत पाह्यलं ते?"

"आत तर समिती गेली होती. मंग समितीलेच इचारा."

"आत समितीच गेली होती," ते म्हणाले, "पन बाहेर इवाई आला." रकाना तसाच ठेवून त्यांनी वही मिटली आणि चहा न घेता गेले.

ग्रामसभेला बुलढाण्याहून साहेब आले. सोलरच्या पाट्या ई-क्लासात, म्हणजे गुरांच्या चराईच्या जमिनीवर, मांडायच्या का नाही यावर तासभर भांडण झालं. मग चुलींचा विषय निघाला. मी उभा राहिलो. "मोठ्ठाल्या कारखान्यांचा धूर पयले बंद करा! शहरात एकेका घरी दोन-दोन गाड्या. आमच्या तीन दगडांच्या चुलीनं आभाळ तापलं का? आमच्याच चुलीवर डोळा काऊन?" अशा टाळ्या मला जन्मात मिळाल्या नव्हत्या. इवाईबुवांनी शांतपणे पेन काढलं.

"सवाल बराबर हाय. लिहून घेतो. साहेब, याचं उत्तर वर कोन देईन?"

साहेबांनी पाण्याची बाटली उघडली.

"पन इवाईबुवा," आमचे इवाईबुवा माझ्याकडे वळून म्हणाले, "कारखान्याच्या धुराड्यात तोंड घालून कोनी बसत नाई. माह्या घरची तीस वर्षं चुलीपुढं बसली. मी एक दिवस बसलो नाई. ती गेल्यावर सोताची भाकर कराले बसलो, तवा समजलं तिले दम काऊन लागे."

ते यादी वाचू लागले आणि माझ्या घरापाशी थांबले. रकाना रिकामा होता. साहेब म्हणाले, "रिकामा रकाना चालत नाही, बाबा. यादी परत येईल."

"येऊ द्या," इवाईबुवा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

ज्या कागदासाठी या माणसानं उन्हात चपला झिजवल्या, तो परत आला तर चालणार होता. चार लोकांत त्यांच्या लेकीच्या सासऱ्याची मान खाली गेलेली चालणार नव्हती. मी हट्टी आहे, पण एवढं मला कळतं. उठलो. "लिहा, चूल. अन् गॅसबी लिहा, तोबी हाय."

मागून कोणीतरी ओरडलं, "आबा, मंग आमच्या टाळ्या वापस करा!" सभा हसली, मीही हसलो, आणि मग आळीतला एकेक जण उठून आपली चूल लिहून घ्यायला लागला.

आराखडा बुलढाण्याला गेला. उत्तर अजून यायचं आहे. तोवर मी गॅसवरची भाकर खातो. ती भाकर नव्हे, पण खातो. इवाईबुवांचे गुडघे हल्ली धरतात, नाला ओलांडणं कमी झालं आहे. त्यांची वाट पाहत बसलो की मला सभेनंतरची ती संध्याकाळ आठवते. माझ्या ओसरीवर बसून ते कागद पुरा करत होते. शेवटचा रकाना राहिला होता: वीस वर्षांनी या घरात काय जळत असेल?

"काय लिहू?" त्यांनी विचारलं. वीस वर्षं म्हटल्यावर आम्ही दोघं जरा वेळ अंगणाकडे पाहत राहिलो.

"आपल्याले काय माईत?" मी म्हटलं. "सूनबाईले इचारा."

त्यांनी हाक मारली. पिठाचे हात तसेच धरून ती दारात आली. काय विचारायचं आहे ते मीच सांगितलं. तिनं आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"मले इचारून राह्यले?" ती म्हणाली, आणि चौकटीला टेकून विचार करू लागली. इवाईबुवांनी पेन उघडून धरलं होतं. आम्ही दोघं म्हातारे थांबलो.